जुन्या घरांसाठी तारयुक्त व बिनतारी सुरक्षा यंत्रणा

जुन्या घरांसाठी सुरक्षा यंत्रणा म्हणजे वाडे, चिऱ्यांची कौलारू घरे, गढ्या, चाळी यांसारख्या काँक्रीटपूर्व पद्धतीने बांधलेल्या निवासी वास्तूंमध्ये चोरी, घुसखोरी व आग यांची सूचना मिळावी म्हणून बसविलेली विद्युत उपकरणांची जोडणी होय. संवेदक व मध्यवर्ती नियंत्रण पेटी यांच्यातील संदेशवहन तारेने होते की रेडिओलहरींनी, यावरून तिचे तारयुक्त आणि बिनतारी असे दोन प्रकार मानले जातात. दोन्हींचे काही घटक एकत्र वापरणाऱ्या यंत्रणेस संमिश्र यंत्रणा म्हणतात.

नव्या सदनिकेत ही निवड बव्हंशी खर्चाची व सोयीची असते. जुन्या घरात मात्र ती भिंत ठरविते. दोन-तीन फूट जाडीची दगडी किंवा मातीची भिंत लहरींना अडविते आणि तीच भिंत तार नेण्यासाठी फोडली, तर झालेली हानी सहसा भरून येत नाही. त्यामुळे या विषयात वस्तूंच्या रक्षणाबरोबर वास्तूच्या रक्षणाचाही विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पारंपरिक घरबांधणीत सुरक्षेची व्यवस्था वास्तूच्या रचनेतच अंतर्भूत होती. मोठ्या दरवाजातील एका वेळी एकाच माणसाला वाकून आत येऊ देणारी दिंडी, दाराआडचा लाकडी अडसर, पहारेकऱ्यांची देवडी, रस्त्याच्या बाजूला उंचावर ठेवलेल्या लहान खिडक्या ही तिची अंगे होत. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे हे या विचाराचे टोकाचे उदाहरण. सामान्य घरात खरी राखण माणसांचीच असे. ओटीवर कोणीतरी झोपलेले असे आणि मागील दारी कुत्रे असे. नोकरीनिमित्त मुले मुंबईस, पुण्यास किंवा परदेशी गेली, गावातील घरे वर्षातून दोन-चार वेळाच उघडू लागली, आणि ही राखण संपली. पितळेची भांडी, देव्हाऱ्यातील मूर्ती, कोरीव काम केलेली दारे व तुळया अशा वस्तू बंद घरात सहज हाती लागतात आणि एकदा गेल्या की तशा पुन्हा घडविता येत नाहीत.

विद्युत इशारायंत्राचा इतिहास १९व्या शतकापर्यंत मागे जातो. अमेरिकेतील ऑगस्टस रसेल पोप याला १८५३ साली अशा यंत्राचे एकस्व मिळाले. दार वा खिडकी उघडली की परिपथ जुळे आणि विद्युतचुंबकाच्या साहाय्याने घंटा वाजू लागे. हे हक्क पुढे एडविन होम्स याने विकत घेतले व बॉस्टन शहरात त्याचा व्यवसाय सुरू केला. आज दारांवर सर्रास दिसणारा चुंबकीय स्पर्शक ज्या पाती-स्विचवर चालतो, तो बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड याने १९३६ साली शोधला. काचेच्या नळीतील दोन पातळ पाती जवळच्या चुंबकामुळे एकमेकींना चिकटतात आणि चुंबक दूर गेला की सुटतात, एवढेच त्याचे कार्य.

जुन्या दारांवरील स्पर्शक

स्पर्शकाचा एक भाग चौकटीवर व चुंबक दाराच्या फळीवर बसवितात. नव्या सरळ दारात दोहोंतील अंतर कायम राहते. जुन्या सागवानी दाराचे तसे नसते. बिजागरीऐवजी वर-खाली खुंट्यांवर फिरणाऱ्या दुपाखी दाराला मुळातच हालण्यास जागा असते. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगते, दार पूर्ण बसत नाही, आणि उन्हाळ्यात तेच सुकून फट पडते. साधा स्पर्शक अशा दारावर आषाढात विनाकारण ओरडतो. घरचे लोक कंटाळून तो बंद करून ठेवतात आणि यंत्रणा असून नसल्यासारखी होते. यासाठी मोठे अंतर सहन करणारे स्पर्शक घ्यावे लागतात. दुपाखी दारात जे पाखे आधी उघडते त्यावर स्पर्शक असणे आवश्यक असते. दारावर लोखंडी पट्ट्या असतील तर चुंबकाचे क्षेत्र लोखंडात ओढले जाते. अशा ठिकाणी मध्ये लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चकती घालून अंतर ठेवतात.

बिनतारी उपकरणे ‘भिंतीला भोक न पाडता’ बसतात असे सांगितले जाते. चुन्याच्या गिलाव्यावर, शेणामातीच्या भिंतीवर अथवा तेल दिलेल्या सागवानावर दुतर्फी चिकटपट्टी टिकत नाही. पहिल्या पावसाळ्यात ती पोपड्यासकट सुटते. स्क्रू लावावाच लागतो. सागवानात लोखंडी स्क्रू वापरला तर लाकडातील द्रव्याशी संयोग होऊन काळे डाग पडतात, म्हणून पितळी स्क्रू वापरणे इष्ट. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मूळ चौकटीवर एक बारीक लाकडी पट्टी बसवून उपकरण त्या पट्टीवर लावणे. पुढे उपकरण बदलले तरी चौकटीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

हालचाल ओळखणारे संवेदक

कौलारू घरात चोर दाराने येतोच असे नाही. कौले काढून माळ्यावर उतरणे हा जुनाच मार्ग आहे. केवळ दारांना स्पर्शक लावून तो कळत नाही, म्हणून माजघरात किंवा जिन्याच्या तोंडाशी हालचाल ओळखणारा संवेदक लागतो. प्रचलित निष्क्रिय अवरक्त संवेदक मानवी शरीरातून बाहेर पडणारी उष्णतेची प्रारणे टिपतो. पार्श्वभूमीच्या तापमानाहून वेगळ्या तापमानाचा पदार्थ त्याच्या दृष्टिक्षेत्रातून सरकला की त्याला बदल जाणवतो.

या तत्त्वातच त्याची मर्यादाही आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बंद खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ जाते तेव्हा भिंत आणि माणूस यांतील फरक कमी होतो आणि संवेदक मंदावतो. उलट पाल थेट त्याच्या भिंगावरून गेली तर तो माणूस आल्यासारखा इशारा देतो. वटवाघळे, मांजरे व उंदीर यांचा वावर असलेल्या माळ्यावर हा संवेदक ठेवणे म्हणजे रोजच्या खोट्या इशाऱ्यांना निमंत्रण. तो माळ्याच्या उतारणीवर, आतल्या बाजूस तोंड करून लावणे अधिक उपयोगी ठरते. अवरक्त व सूक्ष्मलहरी या दोन्ही पद्धती एकत्र असलेले दुहेरी संवेदक खोटे इशारे कमी करतात. मात्र सूक्ष्मलहरी लाकडी पडदीतून पलीकडेही जातात, हे चाळीत ध्यानात ठेवावे लागते.

तारयुक्त यंत्रणा

या प्रकारात प्रत्येक संवेदकापासून नियंत्रण पेटीपर्यंत बारीक चौपदरी तार येते. दोन पदर १२ व्होल्टचा पुरवठा देतात व दोन संदेश आणतात. पेटीत १२ व्होल्टची सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असते आणि वीज गेल्यावर सर्व संवेदक तिच्यावर चालतात. म्हणजे बदलायची बॅटरी एकच, आणि तीही हाताशी. ग्रामीण भागातील वीजकपातीच्या दृष्टीने हा मोठा गुण होय.

तार कापली तर काय, या शंकेचे उत्तर तारेच्या टोकाशी असलेल्या रोधात आहे. पेटी परिपथाचा रोध सतत मोजत असते. तार तुटली तर रोध अनंत होतो, दोन पदर एकमेकांना जोडले तर शून्याकडे जातो. दोन्ही बदल पेटीला कळतात. परंतु हा रोध संवेदकाच्या पेटीत, म्हणजे तारेच्या दूरच्या टोकाला असेल तरच हे साधते. काम लवकर उरकण्यासाठी अनेक कारागीर तो नियंत्रण पेटीतच जोडून मोकळे होतात. तसे केल्यास वाटेत कोणी दोन पदर एकत्र पिळले तरी पेटीला सर्व आलबेल दिसते. काम स्वीकारण्यापूर्वी पाहण्याची ही पहिली गोष्ट आहे.

लांबीचाही हिशेब करावा लागतो. ०.२२ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८ ओहम असतो. दोन चौकी वाड्यात भोंगा पेटीपासून ४० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ८० मीटर तार व सुमारे ६.३ ओहम रोध होतो. भोंगा अर्धा अँपिअर घेत असेल तर वाटेतच तीन व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो आणि १२ व्होल्टचा भोंगा ९ व्होल्टवर केविलवाणा वाजतो. त्यामुळे भोंग्यासाठी जाड तार घेतात. संवेदकांना मिलिअँपिअरमध्येच प्रवाह लागत असल्याने त्यांना बारीक तार पुरते.

खरा प्रश्न तार कोठून न्यायची हा. दगडमातीच्या भिंतीत खाच पाडली तर आतील भरणा सैल होतो आणि चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापून बुजविलेली खाच भिंतीतील ओल कोंडून धरते. पुढे तेथेच गिलावा सुटतो. तुळईला भोक पाडणे तर सर्वथा टाळावे. त्याऐवजी घराने आधीच देऊ केलेल्या वाटा शोधाव्यात. चौकाभोवतीच्या तुळयांची वरची कड, जिन्याची खालची बाजू, माळ्याची जमीन, पूर्वीच्या लाकडी पट्टीवरील वायरिंगची सोडून दिलेली रेघ, या वाटांनी न फोडता पुष्कळ अंतर कापता येते. दिसणाऱ्या ठिकाणी लाकडाच्या रंगाची पट्टी वापरली की तार डोळ्यांत भरत नाही. २३० व्होल्टच्या तारांसोबत एकाच नळीतून संदेशतार नेऊ नये. उंदरांचा उपद्रव असेल तेथे ती धातूच्या नळीतून न्यावी लागते.

बिनतारी यंत्रणा

बिनतारी संवेदकात स्वतःची लहान बॅटरी व प्रेषक असतो. भिंतींना फारसा स्पर्श न करता एका दिवसात काम होते. भाडेकरू घर सोडताना यंत्रणा उचलून नेऊ शकतो. पागडीच्या घरांत व चाळींत तिला पसंती मिळते ती प्रामुख्याने यामुळे.

भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त असलेल्या पट्ट्यांपैकी ४३३ मेगाहर्ट्झ, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ या येथे महत्त्वाच्या आहेत. त्यांच्या तरंगलांबी अनुक्रमे सुमारे ६९, ३५ व १२.५ सेंटिमीटर भरतात. सामान्यतः वारंवारता जितकी कमी तितकी लहर जाड भिंतीतून अधिक निभावते. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी वायफाय उपकरणे नव्या सदनिकेत उत्तम चालतात, पण वाड्याच्या दुसऱ्या भिंतीपलीकडे गळाठतात. कोकण-गोव्यातील जांभा दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी अधिक शोषते. मे महिन्यात चाचणी घेऊन समाधानकारक ठरलेली यंत्रणा श्रावणात मुकी होते ती याच कारणाने. संदेशाची ताकद दाखविणारी पेटी असेल तर स्क्रू लावण्यापूर्वी प्रत्येक जागी, सर्व दारे लावून ती पाहावी, काठावरची जागा सोडून द्यावी व भर पावसात पुन्हा पडताळावी. लोखंडी कपाट, पत्र्याचे छत आणि खिडकीचे दाट गज यांच्या आड पेटी ठेवू नये.

वाड्याच्या रचनेत लहरींना एक अनुकूल गोष्टही आहे. मधला चौक उघडा असतो आणि खोल्यांची लाकडी दारे-खिडक्या त्याकडे उघडतात. कोरडे लाकूड लहरींना फारसे अडवीत नाही. नियंत्रण पेटी किंवा पुनःप्रेषक चौकाकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यावरील सोप्यात ठेवला, तर लहरींना जाड भिंती ओलांडाव्या न लागता चौकातून वळसा घेऊन पोहोचता येते.

परदेशस्थ नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेल्या संचांबाबत सावध राहावे लागते. अमेरिकेत अशा उपकरणांसाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे. भारतात त्याचा काही भाग मोबाइल सेवेकडे आहे. असा संच येथे वापरणे नियमबाह्य ठरू शकते आणि तो नीट चालेल याचीही शाश्वती नसते.

बॅटरी हा या प्रकाराचा कायमचा व्याप. वीस संवेदकांच्या घरात वीस बॅटऱ्या असतात आणि त्या एकाच दिवशी संपत नाहीत. घरात राहणारी व्यक्ती सत्तरीपुढची असेल, तर उंच चौकटीवरील उपकरणाची बॅटरी कोण व कशी बदलणार, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा. सुरक्षेच्या अंगाने पाहता, ठरावीक संकेत पाठविणारी जुन्या पद्धतीची स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झ उपकरणे टाळणे बरे, कारण असा संकेत ध्वनिमुद्रणासारखा टिपून पुन्हा पाठविता येतो. प्रत्येक वेळी बदलणारा सांकेतिक संदेश, दुहेरी संवाद आणि संवेदक जागा आहे की नाही याची पेटीकडून नियमित विचारणा या तीन सोयी असलेली यंत्रणा घ्यावी. तिसरी सोय नसेल तर बॅटरी संपलेला संवेदक आणि शांत घर यांतील फरक पेटीला कळत नाही.

कॅमेरे

‘बिनतारी’ कॅमेरा हा शब्द फसवा आहे. अखंड चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला बॅटरी पुरत नाही. त्याला विजेची तार लागतेच. तार न्यायचीच असेल तर इथरनेट तारेतूनच वीज पुरविण्याची पद्धत सरस ठरते. २००३ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत एकाच तारेने १०० मीटरपर्यंत चित्र व वीज दोन्ही जातात आणि स्रोताशी १५.४ वॅटपर्यंत शक्ती मिळते. शिवाय कॅमेऱ्याजवळ २३० व्होल्टचा सॉकेट काढावा लागत नाही, ही जुन्या लाकडी घरात लहान गोष्ट नव्हे.

मुख्य घरापासून सुटे असलेले फाटक, गोठा किंवा विहिरीवरील खोली यांसाठी मात्र तांब्याची लांब तार धोक्याची असते. महाराष्ट्रात एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा पडतात. जवळपास वीज पडली की उघड्यावरील लांब तारेत दाबाचा झटका निर्माण होऊन तो घरातील सर्व उपकरणांपर्यंत पोहोचतो. अशा ठिकाणी बिनतारी दुवा किंवा प्रकाशतंतू वापरला तर दोन वास्तू विद्युतदृष्ट्या अलग राहतात. झटकारोधक बसवूनही घराला अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग नाही. आणि दोन भोकांचे सॉकेट, चिनीमातीचे फ्यूज असलेल्या घरांत अर्थिंग बहुधा नसतेच. म्हणून कोणतीही यंत्रणा घेण्यापूर्वीचा खर्च अर्थिंगवर करावा.

केंद्र शासनाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी २०२४ साली सुरक्षाविषयक निकष सक्तीचे केले व एप्रिल २०२५ पासून ते अमलात आले. स्वस्त म्हणून जुना साठा गळ्यात पडत नाही ना, हे त्या दृष्टीने तपासावे.

इशारा कोणाकडे जावा

पेटीने इशारा दिला, पण ऐकणारा कोणी नाही, ही बंद घरांची मुख्य अडचण होय. भारतात रात्रीचे दोन वाजलेले असताना कॅलिफोर्नियातील मुलगा दुपारी कचेरीत असतो. त्याला चित्र दिसते, पण करता काहीच येत नाही. म्हणून पहिला दूरध्वनी शेजाऱ्याला जावा अशी योजना करतात. त्याने बाहेर न पडता दिवे लावून ११२ या क्रमांकावर कळवावे. भोंगा तारयुक्त असावा व बाहेरून हाती न लागणाऱ्या उंचीवर असावा. पेटीत सिमकार्ड घालायचे असल्यास ती पेटी कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालते हे पाहणे आवश्यक असते. केवळ टूजीवर चालणाऱ्या पेट्या अजून विकल्या जातात; जिओच्या जाळ्यात टूजी सेवाच नाही, आणि काही गावांत तेवढेच एक जाळे नीट मिळते.

वृद्ध माणसे एकटी राहत असतील तर गळ्यात अथवा मनगटावर बाळगायची मदतीची कळ हा बिनतारी तंत्राचा निर्विवाद उपयोग आहे. न्हाणीघर अनेकदा मूळ घरापासून अलग, परसात असते. कळीचा संदेश तेथून पोहोचतो का, हे प्रत्यक्ष तेथे जाऊनच तपासावे.

आगीची सूचना

सागवानी चौकटीच्या घराला चोरीपेक्षा आगीचे भय अधिक, असे म्हणणे वावगे ठरू नये. चोर काही वस्तू नेतो, आग घरच नेते. जीर्ण वायरिंग हे तिचे नेहमीचे कारण. तरीही घरगुती संचात धुराचा संवेदक बहुधा वगळलेला असतो. माळा, जिना आणि विजेच्या मुख्य फळ्याजवळची जागा येथे धुराचे संवेदक लावावेत. चूल पेटणाऱ्या किंवा फोडण्या होणाऱ्या स्वयंपाकघरात, तसेच रोज धूप जळणाऱ्या देवघरात धुराऐवजी तापमानाचा संवेदक वापरतात. चोरांच्या धास्तीने सर्व खिडक्यांना पक्के गज व दारांना आतून कुलपे लावली जातात. आगीच्या वेळी आतील माणसांना बाहेर पडण्यासाठी किल्लीविना उघडणारी एक वाट राखलीच पाहिजे.

संमती व परवानगी

अनेक बिऱ्हाडे असलेल्या वाड्यात चौक सर्वांचा असतो. तेथील कॅमेरा शेजाऱ्याच्या दारातही पाहतो. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदा घरगुती कारणासाठी केलेल्या वापरास लागू होत नाही, परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. एकाच जुन्या घरातील सहरहिवाशाच्या संमतीविना निवासी भागात कॅमेरे लावण्यास कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली प्रतिकूल निर्णय दिला. वारसा यादीत श्रेणी मिळालेल्या वास्तूंच्या दर्शनी भागावर कॅमेरे, नळ्या वा भोंगे लावण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे चौकशी करणे योग्य.

संमिश्र यंत्रणा

व्यवहारात जुन्या घरांसाठी बहुधा हाच प्रकार स्वीकारला जातो. नियंत्रण पेटी, भोंगा, कॅमेरे व वर्दळीच्या दोन-तीन दारांचे स्पर्शक तारेवर ठेवतात; कोरीव चौकटी, लांबच्या खोल्या, परसातील इमारती आणि मदतीची कळ बिनतारी ठेवतात. दोन्ही प्रकारचे संवेदक स्वीकारणाऱ्या पेट्या बाजारात मिळतात. घराची दुरुस्ती निघालीच असेल, गिलावा किंवा कौले उतरवली असतील, तर आज गरज नसली तरी रिकाम्या नळ्या टाकून ठेवणे शहाणपणाचे. पुढील वीस वर्षांत उपकरणे बदलतील, नळ्या राहतील.

काम झाल्यावर तारा कोठून गेल्या आहेत याचा हाताने काढलेला नकाशा, रोध कोठे आहेत, बॅटऱ्या केव्हा बदलल्या आणि पेटीचा मुख्य संकेतांक ही माहिती एका वहीत लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. संकेतांक कारागिराने ठेवलेला मूळचाच राहिला असेल तर तो त्याच दिवशी बदलावा.